मोटारीसाठी विणलेली नवार

चैत्रातले सकाळचे ऊन दारातून तिरपे आत आले आणि त्यात सुताची बारीक धूळ तरंगू लागली, की मला वन्सं दिसतात. उजेड त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येऊन थांबे आणि चेहरा सावलीत राही. दिसत ते नुसते हात. ताणलेल्या सुतांमधून धोटा इकडून तिकडे जाई, मग लाकडी पाते सुतावर बसे आणि धप् असा मऊ, भरलेला आवाज येई. दूरच्या उखळात कोणी भिजलेले धान्य कांडत असावे तसा. तो आवाज घरात चालू असेपर्यंत घर जागे आहे असे वाटे. तो थांबला की मी हातातले काम सोडून बघायला जात असे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आम्ही साळी. पूर्वी घरात लुगड्यांचे माग होते, ते मिलच्या कापडापुढे एकेक करून उठले. वन्सं अगदी कोवळ्या वयात पांढऱ्या कपाळाने माहेरी आल्या, तेव्हा घरात मोठा माग उरला नव्हता. त्या खाटांची नवार विणायला शिकल्या. नव्या पेठेतला एक दुकानदार ती घेई आणि म्हणे, ह्या बाईंची नवार वेगळी ओळखू येते, खाट मोडेल पण नवार सैल पडणार नाही. हे त्यांना मी सांगितले तर त्या मान आणखी खाली घालत आणि पाते जरा जोराने आपटत. त्यांचा आनंद तेवढाच ऐकू येई.

त्यांचा एक नेम होता. घरातून कोणीही कामाला किंवा गावाला निघाले की त्या मागच्या खोलीत जाऊन बसत. निघणाऱ्याला आपले तोंड दिसू नये म्हणून. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते, आणि कोणी नकोही म्हटले नव्हते. हे निघताना मी दारात उभी राही. वन्सं चुलीपुढे, भिंतीकडे तोंड करून, विझलेल्या विस्तवात फुंकणी घालीत असत.

हे आधी मिलमध्ये होते. कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे दिवसभर कापूस पावसासारखा उडे, आणि संध्याकाळी हे घरी येत ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. पहिल्यांदा मला हसू आले होते. पुढे खोकला लागला. खोकून खोकून हे भिंतीला धरून बसत, आणि श्वास घेताना छातीत कोणीतरी जुने कापड फाडते आहे असा आवाज येई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, मोकळ्या हवेत काम करा, मिलमध्ये राहिलात तर चार पावसाळे बघाल याची खात्री नाही. त्यानंतर वन्संनी आपल्या ठेवणीतल्या पाटल्या काढून ह्यांच्या हातात ठेवल्या, आणि एका वकिलांनी टाकून दिलेली जुनी मोटार आमच्या गल्लीत आली.

मोटार मोठी लहरी होती. इतर मोटारींसारखा दांडा ओढून तिचा गिअर बदलायचा नसे. पायाशी तीन पायट्या होत्या. डावी दाबून धरली की मोटार हळू चाले, सोडली की आपोआप जोराच्या चालीवर जाई. मधली दाबली की मागे येई, आणि उजवी दाबली की थांबे. हे ती उतारू घेऊन सोलापूर ते मैंदर्गी चालवू लागले. उन्हात, वाऱ्यात, धुळीत. पण ती धूळ मातीची होती आणि ती ह्यांना मानवली. खोकला महिन्यामहिन्याने मागे सरत गेला.

मग एका बाजाराच्या दिवशी ओढ्याच्या चढावर मोटार अडली. डावी पायटी दाबली तरी इंजिन नुसते ओरडे, चाक हलेना. मागे जायची चाल मात्र शाबूत होती. ह्यांनी लोक खाली उतरवले, मोटार उलटी फिरवली आणि पाठमोरी चढावर नेली. मैंदर्गीचा एक म्हातारा शेजारून चालत म्हणाला म्हणे, "पावनं, आमाला गावाकडं न्यायलाय का गावाकडनं आणायलाय?" हे घरी आल्यावर आम्हांला ती गंमत सांगताना हसले. 

स्टँडवरचे मिस्त्री उस्मानचाचा आले. त्यांनी आणि ह्यांनी बसायची फळी काढली, खालचे लोखंडी झाकण उतरवायला मीही हात लावला. आत तेलाने काळी झालेली गोल चाके होती, आणि प्रत्येकाला एकेक पोलादी पट्टा कंबरपट्ट्यासारखा वेढलेला. पायटी दाबली की पट्टा चाक आवळतो, आणि त्या आवळण्यानेच चाल बदलते. आवळताना लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून पट्ट्याच्या आतून जाड सुताचे अस्तर तांब्याच्या रिबेटांनी, म्हणजे ठोकून पसरवलेल्या खिळ्यांनी, बसवलेले असते. डाव्या पायटीचे अस्तर झिजून कांद्याच्या सालीसारखे पातळ झाले होते. नवे मुंबईहून येते, चाचा म्हणाले. त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. मिलमध्ये माणसे लावणाऱ्या जॉबरने सोमवारपर्यंत ह्यांची जुनी जागा धरून ठेवायचे कबूल केले होते. तेवढेच ह्यांनी सांगितले.

मोटार चालली नाही तर सोमवारी भोंगा झाला की हे पुन्हा त्या पांढऱ्या पावसात उभे राहणार, हे मला कळले. वन्संनाही कळले. त्या दाराआड उभ्या होत्या. त्यांनी मला खुणेने ते झिजलेले अस्तर मागितले. उजेडाकडे धरून पाहिले, नखाने एक सूत सोडवले, पिळून बघितले. मग दाराआडूनच म्हणाल्या, "ही तर नवारच की."

उस्मानचाचा हसले. "बाई, हिच्यावर मानूस झोपायचं न्हाय, मोटार चालायची हाय."

दाराआडून उत्तर आले. "झोपनाऱ्याला बी वजन असतंयच की चाचा."

त्याच दुपारी वन्संनी सूत घेतले. नवारीपेक्षा जाड, चारचार पदर एकत्र पिळलेले. ताण्याचे, म्हणजे उभ्या सुतांचे, एक टोक खुंटीला आणि दुसरे माझ्या कमरेला. आमच्याकडे ताण्याला खळ लावल्याशिवाय पाते उचलत नाहीत; पिठाची पातळ पेज सुताला चोपडली की सूत ताठ राहते, तुटत नाही. वन्संनी त्या दिवशी दोनदा खळ लावली. भावाचे काम, घट्ट व्हावे म्हणून. पट्टी विणून झाली तेव्हा ती लाकडासारखी उभी राहत होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहून हसल्या.

ह्यांनी पट्टी कापून रिबेटा मारल्या. बारीक नट आत पडू नयेत म्हणून भोकाभोवती माझ्या जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. काढलेला प्रत्येक सुटा भाग मी ताटात ओळीने मांडून धरला होता. ह्यांनी नुसता हात मागे करावा आणि मी नेमका भाग त्यात ठेवावा. लग्नानंतर आमचे इतके बोलणे कधी झाले नव्हते, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

मोटार सुरू झाली. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आणि तिथे फळीच्या फटींतून धूर येऊ लागला. पट्टी घसरत होती, चाक तापले होते. शेजारची एक बाई उंबऱ्यातून ओरडून विचारू लागली, मोटारीत भाकरी टाकली का म्हणून, कारण वास खरोखर करपलेल्या भाकरीचा येत होता. सगळी गल्ली हसली. हे खाली उतरले, हात पुसले आणि म्हणाले की आता जॉबरकडे जाऊन येतो.

तेव्हा वन्सं बाहेर आल्या. पुरुषमाणसे उभी असताना, भर उजेडात, डोक्यावरचा पदर सावरत त्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मोटारीच्या पायरीवर गुडघा टेकून आत वाकल्या आणि वास घेतला.  त्या वर उठल्या तेव्हा त्यांच्या नाकाला काजळी लागली होती.

"खळ जळाली," त्या म्हणाल्या. "सूत न्हाय जळालं. खळ हाय म्हनून सुतानं त्याल प्यालंच न्हाय. कोरडंच घासलं ते. चूक माजी हाय. तू कुटं जाऊ नगंस."

हे थांबले. आमच्यात धाकटा भाऊ थोरल्या बहिणीचे मोडत नाही, पण हे त्यासाठी थांबले असे मला वाटले नाही. हे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उन्हात ते तोंड ह्यांनीही किती दिवसांनी पाहिले असेल.

खळीशिवाय विणता येत नाही आणि खळ राहिली तर चालत नाही. म्हणून वन्संनी पुन्हा तशीच, खळ लावूनच, पण या वेळी एकदाच लावून पट्टी विणली. मग ती माझ्या मोठ्या पातेल्यात पापडखार घालून उकळली. पाणी पेजेसारखे पांढरे झाले की ओतून देत आणि पुन्हा चढवत. शेवटी पाणी स्वच्छ राहिले. पट्टी भिंतीवर वाळत घातली, तेव्हा ती सापाच्या कातीसारखी लवत होती, पण वीण जागची हलली नव्हती. वन्संनी बोटाने तेलाचा एक थेंब तिच्यावर सोडला. थेंब तापलेल्या जमिनीवर पाणी पडावे तसा दिसेनासा झाला. मग त्यांनी पट्टी तेलाच्या परातीत गोल करून ठेवली, आणि जेवताना दोनदा उठून तिला खालीवर करून आल्या.

रविवारी ती बसवली. ह्यांनी डावी पायटी हळूच दाबली. मोटार गुरगुरली, मग एकदम, गाईने उठावे तशी, पुढे झाली. धूर नाही, वास नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळली आणि दिसेनाशी झाली, आणि पुष्कळ वेळाने दुसऱ्या बाजूने आली, तेव्हा उस्मानचाचा पुढे बसले होते आणि दोन्ही हातांनी टोपी धरून हसत होते.

सोमवारी सकाळी मैंदर्गीची माणसे गाठोडी घेऊन दारात जमली. मोटार भरली. वन्सं, नेमाप्रमाणे, मागच्या खोलीत गेल्या. हे गाडीत बसले, मोटार निघाली, मी दारातून बघत होते. गल्लीच्या टोकाला ती थांबली. आणि तिथून, तोंड न वळवता, पाठमोरी, सरळ आमच्या दारापर्यंत परत आली. माणसे एकमेकांना विचारू लागली की पुन्हा बिघडली की काय.

ह्यांनी आवाज दिला. "अक्का, भाईर ये. पुडं बस."

आत फुंकणी खाली पडल्याचा आवाज आला. वन्सं म्हणाल्या, जा की, वेळ होतोय. एक पागोटेवाले गृहस्थ पुटपुटले की पहिल्या खेपेला हे बरे दिसत नाही. ह्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आवाज न चढवता.

"तिच्या हाताची पट्टी हाय मामा मोटारीत. ती नगं आसंल तर खाली उतरून चालत चला." मग पुन्हा आत बघून म्हणाले, "येतीस का न्हाय? न्हायतर मैंदर्गीपतुर उलटाच जातो बघ."

माणसे हसली. पागोटेवालेही हसले आणि सरकून बसले. वन्सं बाहेर आल्या. पायरीवर पाय कसा ठेवायचा हे त्यांना कळेना, मी दंडाला धरून चढवले.  तेवढ्यात मिलचा भोंगा झाला. गल्लीतली माणसे डबे घेऊन एका दिशेला निघाली आणि मोटार दुसऱ्या दिशेला. वन्संच्या डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे सरकला होता आणि त्यांनी तो सावरला नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला मोठे शब्द येत नाहीत. पण त्या क्षणी माझ्या अंगात जे भरून आले त्याला अभिमान म्हणतात, एवढे मला कळले.

त्यानंतर त्या मोटारीला अस्तर कधी बाहेरून आणावे लागले नाही. इतर गाड्यांचेही काम येऊ लागले. उस्मानचाचा स्वतः झिजलेले तुकडे घेऊन दारात उभे राहत आणि नमुना दाखवत. वन्सं मग दाराआडून बोलत नसत, उंबऱ्यावर बसत. निघणाऱ्याला सामोऱ्या जात. वैरागचा एक गाडीवाला तर त्यांचे तोंड पाहिल्याशिवाय गाडी काढत नाही, असे गमतीने म्हणे, आणि त्या त्याला रागावत.

दोन उन्हाळ्यांमागे त्या गेल्या. साध्या तापाचे निमित्त झाले. आता दांड्याच्या मोटारी आल्या आहेत, त्यांना सुताची पट्टी लागत नाही. त्यांनी विणलेल्या त्या पट्ट्यांपैकी एक वीतही घरात नाही. सारे विणकाम लोखंडाच्या पोटात, कोणाला न दिसता, मैंदर्गीच्या वाटेवर कणाकणाने झिजून गेले. पण त्याच वाटेने हे संध्याकाळी घरी येतात, पायऱ्या न थांबता चढतात आणि दारातून मला हाक मारतात. ती हाक अडत नाही, फाटत नाही. ती ऐकताना मला वाटते, गेलेल्या माणसाचा काळ संपत नसावा. तो कोणाच्या तरी परत येण्यात, न मोजता, चालू राहत असावा.