पाळण्यापुरता स्पीकर

गाणाऱ्या बाईले सोबत घेतल्याशिवाय स्पीकर घ्यायले जाऊ नये, हे मले कोणी आधी सांगतलं असतं तर बरं झालं असतं. सांगतलं असतं तरी मी ऐकलं असतं का? आमचे हे म्हणतात, मुळीच नाही. हे म्हणजे यशवंतराव. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांले एकच काम उरलं आहे, माझ्या चुका काढणं.

कुसुम माझी नणंद, आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहते. ती गाते, मी पेटी वाजवते. रायपुरात आपल्या लोकांकडे बारसं असो, डोहाळजेवण असो, मंगळागौर असो, आम्हा दोघींले बोलावणं येतेच. माइक-बिक कधी लागला नाही. कुसुमचा आवाज असा खणखणीत, का आत पुऱ्या तळणारी बाई तिथूनच सूर धरायची. मागच्या वर्षी तिच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा, पण आवाज खाली गेला तो काही वर आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढा सांभाळा, जोर लावू नका. तेव्हापासून कुसुमनं गाणंच सोडलं. कुठून बोलावणं आलं का म्हणायची, "वहिनी, तुम्हीच जा."

मग तिच्या राधिकाले पोरगी झाली. बाळंतपण माहेरी, बारसंही इथंच, तेलीबांध्याच्या एका सोसायटीच्या हॉलात. आता सांगा, साऱ्या रायपूरच्या लेकरांचे पाळणे जिनं म्हटले, तिच्याच नातीच्या पाळण्याले मोबाइलवरचं गाणं लावायचं? मले ते सहन होईना. कुसुमले विचारलं तर ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "चारचौघांत अर्ध्यातच आवाज बसला तर? नको न वहिनी. नातीच्या बारशात मले रडायचं नाही." अन् तिथंच रडली. वरून म्हणे, मेथीनं पाणी आलं.

"मेथीनं कोणाच्या डोळ्यात पाणी येते बाई?" मी म्हटलं. "मी स्पीकर आणते."

"मेलेल्या आवाजाले स्पीकर काय करन?"

"ते मी पाहीन. तू मेथी पाहा."

दुसऱ्याच दिवशी पेटी ई-रिक्षात टाकली अन् गोल बाजार गाठला. दुकानदार पेटी पाहून हसला. मी म्हटलं, भैया, चप्पल घ्यायची तर पाय घरी ठेवून येतो का आपण? त्यानं चाकाचा, लाइटवाला, माझ्या कमरेएवढा स्पीकर काढला अन् त्यावर डीजेचं गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली. "भैया, बारसे में हम लोग नाचते नहीं," मी म्हटलं, अन् पेटी उघडून स्वतःच दोन ओळी म्हणून पाहिल्या. आता माझा आवाज म्हणजे भांडणाचा आवाज, तो कुठूनही ऐकू येतो. स्पीकरमधून तर रस्त्यावरचे लोक वळून पाहू लागले. मी खूश. लगेच घेऊन टाकला.

संध्याकाळी तो कुसुमच्या घरी लावला. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं. कुसुम नाही नाही म्हणत होती, मी माइक तिच्या हातात कोंबलाच. तिनं सूर लावला, मी पेटी लावली, अन् पेटी अशी घुमली का जशी दारातून मालगाडी चालली. कुसुमचा आवाज त्यात कुठं गेला पत्ता नाही. मी बटण फिरवलं, तर ही मोठी शिट्टी वाजली. बाळ दचकून उठलं अन् किंचाळायले लागलं. राधिका धावत आली, "मामी, हटाओ इसको यहाँ से! बच्ची डर गई!"

कुसुमनं माइक पलंगावर हळूच ठेवला. चिडली असती तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते. ती नुसती म्हणाली, "पाहिलं वहिनी? एवढ्या मोठ्या डब्ब्यातूनही आवाज निघून नाही राहिला. आता विषय बंद." अन् नातीले घ्यायले आत गेली. मी वायर गुंडाळायले लागली.

घरी आमच्या ह्यांनी सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाणार ती, अन् माप तू तुझ्या गळ्याचं दिलं. ब्लाउज शिवायले टाकते तेव्हा असंच करते का?"

मी म्हटलं, तुम्ही चूप बसा. पण गोष्ट खरी होती.

आता कुसुमले दुकानात न्यायचं कसं? सरळ सांगतलं असतं तर आली नसती. मी सकाळी कंबर धरूनच तिच्या दारात गेली. "स्पीकर परत करायचा आहे बाई. त्याच्या बदल्यात काही घ्यावंच लागन, म्हणून पेटी न्यायची आहे, अन् मले उचलवत नाही." कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. तिले कळलं असन, इतकी वर्षं ओळखते ती मले. तरी पेटी उचलली तिनं.

दुकानदारानं आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाला, "हव दीदी, बदल देंगे." या वेळी त्यानं गाणं लावलं नाही, चौकशी केली. हॉल कितवा मजला, लोक किती, लाइट गेली तर काय. मी तोंड उघडायच्या आधी कुसुमच बोलली, "दूसरा माला है, भैया. लिफ्ट नहीं है. और छोटा बच्चा है, डर जाता है." त्यानं आतून एक लहान डब्बा आणला. एका हातानं उचलावा इतका हलका, बॅटरीवर चालणारा, रंगीत लाइट-बिट काही नाही. पेटीचं बटण वेगळं अन् गाणाऱ्या माइकचं वेगळं. खालचा धमधम आवाज त्यानं पार कमी केला. डब्बा लोकांकडे तोंड करून ठेवा, म्हणाला, अन् गाणारी त्याच्या मागं बसली का शिट्टी वाजत नाही. माइक तोंडाजवळ धरा, जोर लावायचं कामच नाही.

माझे हात पेटीवर, म्हणून माइक त्यानं कुसुमच्या हातात दिला. मी भाता हलवला.

"भैया, पेटी थोड़ी कम करो," कुसुम म्हणाली.

अन् ते सारं दुकानभर ऐकू गेलं. हळू, खोल, एक एक अक्षर वेगळं. कुसुमनं मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग स्वतःच हसली. "और कम," ती म्हणाली. मग तिनं डोळे मिटले अन् पाळण्याची पहिली ओळ धरली, एकदम खालच्या सुरात. मी इतकी वर्षं तिच्या बाजूले बसली, पण तिचा आवाज नेहमी शेवटच्या बाईपर्यंत फेकलेला असायचा. इतक्या जवळून मी तो कधी ऐकलाच नव्हता. थोडा खरखरीत, पण किती गोड! वायर घ्यायले आलेला एक माणूस पैसे हातात धरून तसाच उभा राहिला. माझ्या डोळ्यातून पाणी आलं अन् मी ते लपवलं नाही.

"वहिनी, हाच घेऊ," कुसुम म्हणाली.

बारशाच्या दिवशी हॉल भरलेला, पंखे घरघरून राहिलेले, बायांच्या गप्पा रंगलेल्या. बाळाले पाळण्याच्या खालून-वरून देणं-घेणं झालं. नागपूरहून आलेल्या आत्यानं, सोनियानं, कानात नाव सांगतलं, तिच्या पाठीत धपाधप धपाटे पडले. रेवा! मग सगळ्यांनी कुसुमकडे पाहिलं.

तिनं सुरू केलं तेव्हा गप्पा चालूच होत्या. मले धाक, का ही आता जुन्या सवयीनं ताणते, अन् आवाज बसते. पण ती ताणेचना. तशीच हळू म्हणत राहिली. दुसऱ्या कडव्यापर्यंत मधल्या बाया चूप झाल्या, मग त्यांनी मागच्यांले चूप केलं. मी पेटीवर बोटं नुसती टेकवत होती. स्पीकरचं तोंड लोकांकडे, मागं पाळण्यात रेवा झोपलेली. दर कडव्याले माझा जीव मुठीत, अन् दर कडवं सुखरूप पार पडलं.

शेवटचं कडवं कुसुमनं स्वतः रचलेलं, त्यात नातीचं नाव. ते सुरू करणार, तेवढ्यात रेवानं तोंड वाकडं केलं अन् कुरकुर करायले लागली. कुसुम थांबली. तिनं माइकचं बटण बंद केलं, माइक माझ्या मांडीवर ठेवला अन् पाळण्यावर ओणवी झाली. कडवं तिनं नातीच्या कानाशी म्हटलं.

मी पेटी थांबवली. एवढ्या जवळ बसून मले त्यातलं फक्त "रेवा" कळलं. क्षणभर असा संताप आला! अवो, दोन चकरा बाजाराच्या, कंबरदुखीचं नाटक, अन् मुख्य कडव्याले बटण बंद? पण हॉलात कोणी हूं का चूं केलं नाही. रेवा शांत झाली. कुसुमनं मान वर केली, तेव्हा तिच्या तोंडावर वर्षभराची ती भीती कुठंच नव्हती. आवाज बसला म्हणून नाही, तिच्या मनात आलं म्हणून तिनं माइक ठेवला होता. माझा राग तिथंच विरघळला.

नंतर घुगऱ्या वाटताना शेवटच्या ओळीतल्या एक काकू आल्या अन् कुसुमचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "सगळंच छान झालं ग, पण शेवटचं कडवं! काय म्हटलं तू ते, मन भरून आलं."

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. एरवी मी सोडलं असतं का काकूंले?

"हाव काकू," मी म्हटलं, "मलेही तेच सगळ्यात आवडलं." अन् त्यांच्या द्रोणात आणखी एक पळी घुगऱ्या वाढल्या.