उजव्या हाताचं मलम

आमच्या गावच्या जुन्या झाडाखाली चार गोटे आहेत: लहान, मधला, मोठा आणि म्हातारा. म्हातारा म्हणजे एकशे तीस किलोचा काळा दगड. जेजू बेटावरच्या बाकी म्हाताऱ्यांसारखाच तोही कुणाचं ऐकत नाही. पूर्वी जो गडी त्याला छातीपर्यंत उचलायचा, त्याला पूर्ण मजुरी मिळायची. आता गडी उरले नाहीत, संत्र्यांच्या बागा आणि साठीचे बागवाले उरलेत. तरी त्या दिवशी झाडाखाली एवढी गर्दी झाली की कुत्र्यांना दगडी कुंपणावर बसावं लागलं.

गुरू मुगांग आले होते. पांढरा झगा, पांढरी दाढी आणि हातात डबी. डबीत वाघाच्या शक्तीचं मलम. बेटावर वाघ कधीच नव्हता, असं कुणीतरी म्हणालं. गुरू म्हणाले, म्हणूनच त्याची शक्ती न वापरता शिल्लक राहिलीय.

त्यांनी मालदान आजींना पुढे बोलावलं. आजी चाळीस वर्षं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढतायत. हात आडवा धरायला लावून गुरूंनी तो खाली दाबला, तर लगेच पडला. मग मलम लावून दाबला, तर हात जागचा हलेना. गर्दीने एकदम श्वास घेतला. संध्याकाळपर्यंत डब्या संपल्या.

मलमाचे नियम कडक होते. एक दिवसाआड सकाळी हातांना चोळायचं, आणि ते जागं व्हावं म्हणून लहान गोटा आठ वेळा उचलायचा. असं तीनदा. दर आठवड्याला थोडं जड. मग पोटभर डुकराचं मांस खायचं आणि भरपूर झोपायचं, कारण मलम झोपेत मुरतं.

मला ज्यांनी लहानाचं मोठं केलं त्या दॉकसूकाकांनी एकच डबी घेतली आणि फक्त उजव्या हाताला चोळायला सुरुवात केली. महागाचं मलम दोन्ही हातांना कशाला? "डावा आपलाच आहे," काका म्हणाले, "समजून घेईल."

पाच आठवड्यांत काकांनी नव्वद किलोचा मोठा गोटा छातीला लावला. गाव वेडं झालं. गावप्रमुखांनी तर तीन डब्या संपवल्या होत्या. पाठ दुखते म्हणून ते गोट्यांच्या वाटेला गेले नाहीत, टीव्हीसमोर पडून चोळत राहिले. त्यांच्यात एवढाच फरक पडला की अंगावर बसलेल्या माश्या घसरू लागल्या.

गुरूंनी जाहीर केलं: गावच्या वार्षिक सणाच्या दिवशी दॉकसू मलमाचे सात थर लावून म्हातारा उचलणार.

इकडे काकांना सकाळी चहाची किटली कलती करता येईना. कोपराच्या पुढच्या बाजूला कळ यायची. गुरू म्हणाले, शक्ती हाडात शिरतेय. महिन्यावर संत्र्यांची तोडणी आली होती, सातशे झाडं आणि काकांचे दोनच हात. मी काकांना घेऊन आरोग्य केंद्रातल्या मिरानताईकडे धावले. ती तिथली नर्स. तिने कोपर दाबून पाहिलं, काका कळवळले आणि काही झालंच नाही असं दाखवायला हवामानाबद्दल बोलू लागले.

सणाच्या दिवशी काका उजव्या हाताला सात थर चोळून चकाकत उभे होते. गुरूंनीही सात थर लावले होते. तेवढ्यात मिरानताई आली, हातात आंबवलेल्या मासळीच्या रसाची बरणी घेऊन. वास आधी आला, ताई नंतर.

तिने मालदान आजींचा हात दाबला. पडला. मासळीचा रस चोळून पुन्हा दाबला. हात ताठ.

"मासळी देवाची," गावप्रमुख पुटपुटले.

"देव नाही, जागा," ताई म्हणाली. "आधी मनगटाशी दाबलं, मग कोपराशी. दार कडेला ढकललं की सहज फिरतं, बिजागरापाशी ढकलून बघा. आजी, आता तुम्ही गुरुजींचं मनगट दाबा."

आजींनी दाबलं. सात थरांसकट हात खाली गेला, आणि पाठोपाठ गुरूही.

गुरू झगा झटकत उठले. "आणि दॉकसूने मोठा गोटा उचलला, तो काय मासळीने?"

गर्दीने माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"काका, डाव्या हाताला किती मलम लागलं?" ताईने विचारलं.

काका लाल झाले. "थेंबभरही नाही."

"मग गोटा उचलताना डावा हात काय बघत बसला होता?"

कुंपणावरची कुत्रीसुद्धा काकांच्या डाव्या हाताकडे बघू लागली. मग मालदान आजी हसल्या, आणि सगळं गाव हसत सुटलं.

ताई समजावत गेली. काकांना गोट्यांनीच तयार केलं. पहिल्या काही आठवड्यांत मेंदू आणि नसा स्नायूंचे झोपलेले धागे एकदम कामाला लावायला शिकतात. मग पुरेसं खाणं आणि विश्रांती मिळाली तर धागे जाड होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, तिला रक्त कमी पोचतं. ती मजबूत व्हायला महिने लागतात. इंजिन नवं आणि दोर जुना, अशी काकांची अवस्था होती. कळ म्हणजे त्या दोराची तक्रार.

"उचल, दॉकसू," गुरू म्हणाले. "भीती म्हणजे अपमान."

काकांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या दोन हातांकडे. "मिरान, मग कधी?"

"आधी कोपर बरं होऊ दे. मग हळूहळू वजन वाढवा. पुढच्या सणाला बघू."

काकांनी म्हाताऱ्याच्या डोक्यावर थोपटलं. "बस तू. मी येतो."

गुरू दुपारच्या बोटीने गेले. तोडणी काकांनी दोन्ही हातांनी केली. पुढच्या सणाला म्हातारा त्यांच्या छातीपर्यंत आला, दोन श्वास थांबला आणि नेहमीच्या तुसडेपणाने खाली बसला. डबीत उरलेलं मलम आमच्या फाटकाच्या बिजागराला लावलं. तिथे ते खरंच काम करतं.

कुणी चमत्कार विकायला आला तर भांडू नका, त्याच्या पायाही पडू नका. तो सांगेल ते एका हाताला चोळा आणि दुसरा कोरडा ठेवा. मग दोन्ही हातांना विचारा.