शांत खोली

शाळा सुटून पटांगण ओस पडलं होतं, आणि फाटकाशी एक आजोबा अजून उभेच होते. नात बाहेर आली नाही, एवढंच ते म्हणाले. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हसून सांगितलं, येईल, चपला शोधत असेल. नात पहिलीतली. सगळी शाळा तिला 'रेडिओ' म्हणायची, कारण झोपेतसुद्धा तिचं तोंड बंद राहत नसणार अशी सगळ्यांची खात्री होती. असलं पोर हरवलं तरी आवाजावरून सापडायचं.

पण आवाज नव्हता. वर्ग रिकामा, दप्तर मात्र बाकाच्या कप्प्यात. ते दप्तर बघताच बाईंनी शोधाशोध सुरू केली. त्यांनी स्वच्छतागृहाचं एकेक दार ढकलून पाहिलं. शिपायाला गच्चीवर पिटाळलं. स्वतः पाण्याच्या टाकीकडे धावल्या. झाकण जागेवर होतं, तरी ते उचलून आत डोकावल्याशिवाय त्यांना राहवेना. फाटकापलीकडून ट्रक धडाधड जात होते आणि तिकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती. आजोबा काही विचारत नव्हते, नुसते मागे मागे येत होते. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीतच डॉक्टरकडे गेली होती. दुपारी वर्गावर दुसऱ्या बाई होत्या, आणि रिकामी जागा पाहून त्यांनी मुलगी घरी गेली असं धरलं होतं. मोठ्या बाईंनी वर्गशिक्षिकेला फोन लावला. ती म्हणाली, "फार गडबड करत होती हो. सुट्टीआधी मी तिला शांत खोलीत पाठवलं होतं."

मोठ्या बाई फोन तसाच टाकून जिन्याकडे धावल्या. शांत खोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रागावलेल्या, रडवेल्या मुलांनी घटकाभर विसावावं म्हणून किती हौसेनं सजवलेली: मऊ गादी, मंद दिवा, आणि बाहेरचा गोंगाट नको म्हणून भिंतींना जाड अस्तर. कुणी पाहुणे आले की त्या आधी तीच दाखवायच्या. बाहेरचा आवाज आत येत नाही तसा आतलाही बाहेर जात नाही, हे त्यांना आता जिना चढताना सुचत होतं. दार अडकलं असेल. पोर ओरडून ओरडून थकली असेल. पुढचं त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

दार नुसतं ढकलताच उघडलं. त्याला कडी नव्हतीच.

रेडिओ गादीच्या कोपऱ्यात बसली होती, दोन्ही हात छातीवर. ओठ कोरडे पडलेले, फ्रॉक ओला. बाईंना पाहून तिनं अंग आणखीच चोरलं.

"अगं, दार तर उघडं होतं. बाहेर का नाही आलीस?"

"छातीतली धडधड कमी झाली की यायचं ना," ती हळूच म्हणाली. "कमीच होत नाहीये."

हा नियम बाईंनीच सगळ्या शिक्षकांना शिकवला होता, आणि फार कौतुकानं शिकवला होता. आजवर त्यांना शाळेत कशाचीच भीती वाटली नव्हती. आता त्या खोलीची वाटली. घाबऱ्याघुबऱ्या होऊन त्यांनी मुलीला हात धरून उठवलं, चल म्हणाल्या, बघ कोण आलंय.

दारात आजोबा हात पसरून उभे होते. मुलगी त्यांच्यापर्यंत गेली आणि थांबली. छातीवर तळवा दाबून तिनं नीट अंदाज घेतला, आणि परत जाऊन गादीवर बसली.

"अजून होतंय, आजोबा."