काक यमला दिलेला नमुना

आमच्या मुआरमध्ये लग्नं शाळेच्या सुट्टीत होतात आणि अर्ध्या गावाच्या कबाया, म्हणजे पुढून उघडे, लांब बाह्यांचे ब्लाउज, एकटी काक यम शिवते. शिवणाऱ्या बाकीही आहेत. पण कबायेच्या पुढच्या दोन्ही कडांना मशीनवर फुलं भरायची, मग फुलांच्या मधलं कापड कात्रीनं उडवून तिथं जाळी उभी करायची, हे तिच्यासारखं दुसरीला जमत नाही. म्हणून तिचा तोरा मोठा. ती अंगाला टेप लावत नाही. "टेप लावला की बायका पोट आत घेतात," ती म्हणते, "आणि मांडवात जेवल्यावर माझ्या नावानं खडे फोडतात." तिला नमुना द्यायचा. अंगाला नीट बसणारी एक जुनी कबाया नेऊन दिली की ती तिच्यावरून नवी बेतते आणि लग्नाच्या दिवशी सकाळी घरी पाठवते. आधी घालून बघू द्या म्हटलं तर ती कापड परत देते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मकनं, म्हणजे माझ्या आईनं, ना जेवणाचं विचारलं ना जावयाचं. तिनं विचारलं, "ती येणार?"

ती म्हणजे मकचिक रोकिया, रोकियाकाकू, अबाहांची म्हणजे माझ्या वडिलांची दुसरी बायको. मकला सोडून अबाहांनी तिच्याशी लग्न केलं त्याला बरीच वर्षं झाली. मुलीचा बाप म्हणून अबाह लग्नाला हवेतच, आणि अबाह आले की ती येणारच, कारण अबाहांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

"येऊ दे," मक म्हणाली. "पण फाटकातून आत आल्या आल्या माणसाला कळलं पाहिजे नवरीची आई कोण ते. मुलाकडचे बस भरून येणारेत सगामातहून. त्यांच्यातल्या एकानंही मला विचारता कामा नये, की तुम्ही नवरीच्या कोण म्हणून."

बोलली भांडल्यासारखीच, पण तिचा चेहरा पडला होता. मला वाईट वाटलं. पुढचा तासभर ती रंगांबद्दल बोलत राहिली तेव्हा ते वाईट वाटणंही ओसरलं.

लग्नात कुणी कुठला रंग घालायचा हे आमच्याकडे बायका ठरवतात, आणि आमच्या घरात बायका म्हणजे मक. मावश्या आणि आत्या फिक्या हिरव्यात. गडद हिरवा फक्त नवरीच्या आईला. मकचिक रोकियाला तिनं तपकिरी दिला, तोही दुकानात चार तागे उलगडून निवडलेला, अगदी सुकटीच्या चटणीचा.

"मक, जरा तरी बरा रंग दे तिला."

"काय वाईट आहे? काडीला काडीचाच रंग शोभतो."

मकचिक रोकिया खरंच काडी आहे. आणि मक खरंच काडी नाही. पण हे दुसरं वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मकनं नमुना म्हणून काक यमकडे कुठली कबाया न्यावी? तिच्या स्वतःच्या साखरपुड्याची.

काक यमनं कबाया उलगडली, मकला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ही तुझी?"

"माझीच."

"बघ हं."

"अगं माझीच म्हणते ना! दुसऱ्याचे कपडे घालणाऱ्यांतली वाटले का मी?"

बाहेर आल्यावर मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "माप बदलत नसतं. मांस काय, येतं आणि जातं."

ते गेलं नाही.

निकाह आदल्या दिवशी मशिदीत झाला होता. मांडवाच्या दिवशी सकाळी काक यमचा नवरा मोटरसायकलवरून गठ्ठा टाकून गेला. हिरवी कबाया अशी सुंदर होती की मावश्यांनी हातातले कांदे खाली ठेवले. मकनं ती घातली. बाह्या कोपरापाशी अडकल्या, त्या दोघींनी ओढून वर नेल्या. पुढच्या दोन कडा मात्र एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मध्ये तळहात मावेल एवढी मक होती. कबायेला बटणं नसतात, साखळीनं जोडलेल्या तीन पिना असतात, आणि त्या साखळीला काही रबर लावलेलं नव्हतं.

"शिवण उसव," मक म्हणाली.

"कुठली?" थोरल्या मावशीनं विचारलं. "कडेपर्यंत जाळी आहे. एक धागा ओढलास तर सगळी उकलेल."

मक पलंगावर बसली. तिनं काक यमला शिव्या दिल्या नाहीत, अबाहांनासुद्धा दिल्या नाहीत, तेव्हा मला भीती वाटायला लागली.

त्याच वेळी मकचिक रोकिया दारात आली. तपकिरी कबाया तिच्या अंगावर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. बाह्यांतून बोटंही दिसत नव्हती, पाठीमागे सेफ्टी पिनांची रांग. "नाझिरा, एखादी पिन असेल का गं?" असं मला विचारता विचारता तिची नजर मककडे गेली आणि ती थांबली.

मक मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती कबायेकडे बघत होती. "हा बेत माझा आहे," ती म्हणाली. "डावा खांदा बघ, उतरता. माझा डावा खांदा उतरतो. नमुना कुठून आणलास?"

"कपाटात खालच्या खणात होती एक. छान शिवलेली दिसली, घालून नाही बघितली... अबांग म्हणाले, त्यांच्या आईची आहे." अबाहांना ती अबांग म्हणते.

"त्यांच्या आईची!"

ती मकची ईदेची कबाया होती, घर सोडताना राहून गेलेली.  मग एका मावशीला हसू आवरेना, ती उशीत तोंड खुपसून गदगदायला लागली. मकचिक रोकियानं मात्र पाठीमागच्या पिना काढायला सुरुवात केली.

"मी तपकिरी घालणार नाही," मक म्हणाली.

"मग उघडी जा," थोरली मावशी म्हणाली. "बस पुलावर आलीये."

मकनं तपकिरी घातली. ती तिला अशी बसली, जशी काक यमचीच कबाया बसते. हिरवी मकचिक रोकियाला तशीच बसली. आरशात दोघींनी आपापल्याकडे बघायच्या ऐवजी एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही नाकं मुरडली.

पुढचं मी मखरातून पाहिलं. त्या दिवशी नवरी राणी असते, म्हणजे ती हलत नाही, बोलत नाही, हसत नाही. नजर खाली. शेजारी सजवणारी बाई पंखा घेऊन उभी असते, ती वाऱ्यापेक्षा चिमटे जास्त काढते. पण पापण्यांच्या खालून सगळं दिसतं.

सगामातची बस रिकामी झाली आणि सगळ्या बायका सरळ हिरव्या कबायेकडे गेल्या. मकचिक रोकिया "मी नव्हे, मी नव्हे" म्हणत होती, त्यांना तो विनय वाटला. इद्रिसच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आजीनं तर आमच्या रीतीनं तिचे दोन्ही गाल हुंगले आणि हात धरून ठेवला. मक खांबापाशी ताट घेऊन उभी होती. तूपभात आणि लाल रश्श्यातली कोंबडी. नीट बसलेल्या कबायेत ती भराभर जेवत होती, आणि मला माहीत आहे, मकला भूक नसली की ती भराभर जेवते.

मागून अबाह आले. तपकिरी पाठ बघून, रोकियाला हाक मारतात तसं म्हणाले, "याह, माझी ब्लडप्रेशरची गोळी कुठे?"

मक न वळता म्हणाली, "शर्टाच्या खिशात. कायम शर्टाच्या खिशातच असते."

अबाहांनी खिसा चाचपला. गोळी होती. मग मक वळली, आणि अबाहांनी गोळी पाण्याशिवायच गिळली.

आशीर्वादाचं गुलाबपाणी शिंपडायची वेळ झाली. माइकवाल्यानं हिरवीकडे बघून लांबलचक आवाज लावला, "नवरीच्या मातोश्रींनी वर यावं!" आजी मकचिक रोकियाला पुढे ढकलायला लागली. ती पाय रोवून उभी, मान हलवतेय, डोळ्यांत पाणी. आणि मकनं स्वतःच्या अंगावरच्या त्या सुकटीच्या रंगाकडे एकदा बघितलं, हातातलं ताट सावरलं आणि ती गुपचूप स्वयंपाकाच्या तंबूकडे निघाली.

माझी आई. जिनं बाजारात कोळणीला कधी गुपचूप पैसे दिले नाहीत ती.

"मक!" मी ओरडले. "कुठे चाललीस? तुला बोलावतायत!"

डफ थांबले. इद्रिस दचकून माझ्यापासून हातभर सरकला. पंख्यावालीनं चिमटा काढला तो आठवडाभर निळा होता. सगामातच्या बसभर माणसांनी मान वळवून तपकिरी कबायेकडे बघितलं आणि आता एकालाही विचारायची गरज राहिली नाही.

मक वर आली. गुलाबपाण्यात पानं बुडवून माझ्या तळहातांवर शिंपडताना तिच्या बोटांना रस्सा होता.

"दात दाखवू नकोस," ती पुटपुटली. "नवरी आहेस."

"कबायेवर रस्सा सांडलायस, मक."

तिनं खाली बघितलं, बोटानं चाचपलं. "दिसत नाहीये," ती म्हणाली. "बरा आहे की हा रंग."

मग तिनं डोळे पुसले, माइकवाल्याच्या हातातला माइक काढून घेतला आणि माइकची अजिबात गरज नसलेल्या आवाजात म्हणाली, "ए रोकिया! खाली काय उभी राहिलीस? ये वर, तूही शिंपड. आणि जपून चढ गं बाई. माझ्या कबायेची जाळी फाटली ना, तर बघ!"