टेकडीवरच्या हवेलीची हट्टी खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. जुनी खुशाल म्हणा, पण मोडकी म्हणाल तर याद राखा! टेकडीवरच्या हवेलीत, वरच्या दिवाणखान्यात माझा मुक्काम. खालचे अख्खे शहर माझ्या चौकटीत मावते. हवेलीचे मालक गेले, त्यांची झुंबरे गेली, गालिचे गेले. मी मात्र ठाण मांडून राहिले.

पुढे हवेली सगळ्यांना खुली झाली. लोक धापा टाकत टेकडी चढत आणि थेट माझ्याकडे धावत. वरून आपले घर ओळखू यावे म्हणून निघताना गच्चीवर रंगीत चादर वाळत घालायची, अशी रीतच पडली. "ती बघ आपली चादर!" हे ऐकले की मी कुरकुरायचे विसरत असे.

मग नवे व्यवस्थापक आले. मला तेलाचा थेंब द्यायला त्यांना सवड नव्हती, पण कडी घालून माझ्यापुढे भलामोठा पडदा उभा करायला होती. पडद्यावर काय, तर शहराचेच चित्र! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच दिवशी रफूकाम करणारी एक मावशी आली. तिचे यजमान पायाने अधू. ते खाली गच्चीत लाल चादरीजवळ बसले होते आणि ती वरून त्यांना पिवळा रुमाल हलवून दाखवणार होती.

"साहेब, यात आमचे हे कुठं दिसतात?"

"मावशी, हे आधीच घेतलेलं चित्र आहे. पण किती स्वच्छ दिसतंय बघा!"

"स्वच्छ घेऊन काय चाटू? ते उन्हात ताटकळलेत. खिडकी उघडा."

"नाही उघडता येणार. नियम आहे."

नियम! टेकडीवरचा वारा माझा जुना दोस्त. तो आला आणि मी सगळा जोर लावला. कडी निखळली, मी धाडकन उघडले, पडदा डगमगला.

"पडदा धरा!" व्यवस्थापक ओरडले.

हवेली दाखवणाऱ्या ताईने पडदा धरला आणि मुकाट्याने बाजूला सरकवला.

मावशीने रुमाल हलवला. खाली काहीच हलले नाही. तिने हात आणखी उंच केला. तेव्हा लाल चादरीचे एक टोक उठले, पुन्हा उठले.

"बघितलं त्यांनी!" म्हणत मावशी रडू लागली. मलाही भरून आले. लाकूड असले म्हणून काय झाले?

उद्या मला खिळे ठोकायला सुतार येणार आहे म्हणे. येऊ दे. सागवान आहे मी, त्यालाही पुरून उरेन. मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, अशी विनवणी मी करणार नाही. तुम्ही फक्त गच्चीवर चादर घाला आणि टेकडी चढून या. मी बंद दिसले तर जरा ओढून बघा. उरलेला जोर माझा.