अकराव्या फळीवरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरी घोंगडी आहे. लाल-काळ्या चौकड्यांची, दोन माणसं ऐसपैस बसतील एवढी. माझ्या एका टोकाला उंदरानं कुरतडलेलं भोक आहे आणि दुसऱ्या टोकाला रुबार्ब पायचा, म्हणजे आंबट लाल देठांच्या गोड पेस्ट्रीचा, गुलाबी डाग. नीट झटकलंत तर माझ्यातून अजूनही माती पडेल. आयोवाची काळी, नेब्रास्काची पिवळसर, कॅन्ससची तांबूस. छत्तीस काउंट्यांच्या, म्हणजे जिल्ह्यांच्या, जत्रांमधली माती मी अंगावर वागवते. तुमच्यापैकी कुणी एवढं फिरलं असेल तर हात वर करा!

माझा जन्म मिनेसोटातल्या एका लोकरीच्या गिरणीत झाला. मेंढ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण त्या थंडीतल्या मेंढ्या होत्या, म्हणून माझी वीण घट्ट आहे. आर्डिसच्या लग्नात तिच्या आत्यानं मला आहेर म्हणून दिलं. "पाहुण्यांच्या पलंगावर घाल," असं आत्यानं बजावलं होतं. आर्डिसनं मान डोलावली आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला गाडीच्या मागच्या सीटवर टाकून जत्रेला नेलं. पाहुण्यांचा पलंग मी आजतागायत पाहिलेला नाही.

आर्डिस हार्लोव्ह गावच्या टपालकचेरीत काम करायची. बोलायला गोड, हिशेबाला चोख, पण मोटारींच्या शर्यतीचं नाव काढलं की बाई हातातलं पत्र हातातच ठेवून उभी राहायची. तिचा नवरा डेल्बर्ट क्रूझे शाळेची बस चालवायचा. चाळीस वर्षांत त्यानं ताशी पंचावन्न मैलांच्या वर काटा जाऊ दिला नाही. आता असा जोडा देवानं कुठल्या मुहूर्तावर जमवला ते देवालाच ठाऊक.

"पाचशे मैल जायचं," डेल्बर्ट दरवर्षी म्हणायचा, "आणि काय बघायचं? तर माणसं गोल गोल फिरताना! मी रोज साठ पोरांना घेऊन गोल फिरतो. मला कधी कुणी टाळी वाजवली?"

"तू आडवा होऊन वळलास तर मी वाजवीन," आर्डिस म्हणायची.

तरी तो न्यायचा. दर ऑगस्टला न्यायचा. गाडी पुसून, टायरची हवा बघून, पंचावन्नच्या वेगानं. वाटेत सगळे ट्रक भोंगे वाजवत आमच्या पुढे निघून जायचे.

दर उन्हाळ्यातली आमची शेवटची आणि सगळ्यात लांबची जत्रा लॉडर्स काउंटीची, नेब्रास्काच्या पार पश्चिमेला, जिथे मका संपतो आणि नुसतं गवत उरतं. तिथली पद्धत तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण माझी सगळी गोष्ट त्या पद्धतीवर उभी आहे. शर्यत संध्याकाळी सातला, पण लाकडी फळ्यांच्या पायऱ्या सकाळी आठलाच उघडतात. माणसं येतात, आवडीच्या फळीवर आपली घोंगडी पसरतात, कोपरे चिकटपट्टीनं दाबतात आणि खुशाल डुकरं-मेंढ्या बघायला, लिंबूसरबत प्यायला निघून जातात. दिवसभर फळ्यांवर माणूस नसतो, नुसत्या घोंगड्या. आणि जिथे घोंगडी तिथे माणूस बसलेलाच आहे असं धरतात. राष्ट्राध्यक्ष आला तरी त्याला दुसरीकडे बसावं लागेल.

आर्डिसची जागा ठरलेली होती. अकरावी फळी, मातीच्या गोल मार्गाच्या चौथ्या वळणाच्या तोंडाशी. दहाव्याच्या खाली बसाल तर चिखलाचे गोळे तोंडावर येतात, बाराव्याच्या वर बसाल तर चाकं दिसत नाहीत. "आणि चाकं दिसली नाहीत तर काय दिसलं?" असं ती म्हणायची.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी कशा सांगू? आधी टँकर येऊन मातीवर पाणी मारतो. ओल्या मातीचा वास फळ्यांपर्यंत चढतो. मग चोवीस गाड्या दोन-दोनच्या रांगेत हळूहळू फिरायला लागतात आणि फळी माझ्याखाली गुणगुणू लागते. हिरवं निशाण पडतं आणि मग जे होतं त्याला आवाज म्हणणं म्हणजे पुराला पाणी म्हणणं. माझा धागा न् धागा थरथरतो. चोवीस गाड्या चौथ्या वळणात एकदम शिरतात आणि आडव्या होतात! तोंड आत, शेपूट भिंतीकडे, पुढची चाकं भलतीकडेच वळलेली, आणि तरीही गाडी जायचं तिथेच जाते. मागून मातीचा पडदा उठतो, त्यातून मावळतीचं ऊन आरपार येतं, आणि त्या सोन्यासारख्या धुळीतून एकामागून एक गाड्या बाहेर पडतात. मी ते कैक वर्षं पाहिलं. दर वेळी मला वाटलं, आता हे होऊच शकणार नाही, आता या आपटणार. आणि दर वेळी त्या निसटून बाहेर आल्या.

आर्डिस दोन्ही हातांनी मला घट्ट मुठीत धरायची. तिच्या बोटांच्या खुणा माझ्या काठावर आजही आहेत. आणि डेल्बर्ट? डेल्बर्ट तिच्या शेजारी पाठ वळवून बसायचा, चर्चच्या बायकांच्या स्टॉलवरचा रुबार्ब पाय खायचा आणि गवताकडे बघायचा. वळणाकडे बघायची त्याला भीती वाटायची. उभा जन्म पोरांना सांभाळून नेलेला माणूस तो. कधीकधी तो चक्क पेंगायचा. एवढ्या आवाजात पेंगणं हेही एक आश्चर्यच म्हणा.

मग तो उन्हाळा आला. आर्डिस शहात्तर वर्षांची होती. नेहमीसारखं सकाळी तिनं मला अकराव्या फळीवर पसरलं, चारी कोपरे चिकटपट्टीनं दाबले, वर एक थाप मारली आणि म्हणाली, "बस इथं. आलेच."

ती आली नाही.

दुपारी दूरवर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. सरबताच्या टपरीजवळ आर्डिसच्या हातातला पेला पडला होता आणि तिचं अर्धं अंग लुळं झालं होतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की सूर्य कलतोय, बाकीच्या घोंगड्यांवर आपापली माणसं येऊन बसताहेत आणि माझ्यावर कुणीच नाही.

सातला फळ्या खच्चून भरल्या. एक दांडगा गडी बायकोला घेऊन वर आला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही रिकामीच आहे की. बसतो आम्ही."

"परगावचा दिसतोयस," शेजारची म्हातारी म्हणाली.

"अहो, पण शर्यत सुरू झाली! कोण येतंय आता?"

"कोण येतंय ते ज्याची घोंगडी आहे तो बघेल. आमच्यात दुसऱ्याच्या घोंगडीला हात लावत नाहीत. उभा राहा, पाय काही झिजत नाहीत तुझे."

तो उभा राहिला. माणसं अंग चोरून बसली, पोरं मांड्यांवर घेतली, पण माझ्यावर कुणी कोपरसुद्धा टेकवलं नाही. गाड्या आडव्या झाल्या, धूळ सोन्याची झाली. पहिल्यांदाच मला कुणी मुठीत धरलं नव्हतं.

जत्रा उठली. दुसऱ्या दिवशी मैदानाचा राखणदार गेलन झाडू घेऊन आला. गेलन म्हणजे महिन्याला दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यानं माझ्याभोवतीनं झाडलं. पुढच्या आठवड्यातही भोवतीनंच झाडलं. तिसऱ्या आठवड्यात पावसानं मला चिंब केलं. भिजत घोंगडं म्हणतात ते मी खरोखरच झाले होते. तेव्हा कुठे त्यानं वाकून माझ्या कोपऱ्यावर शिवलेलं नाव आणि फोनचा नंबर वाचला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून त्यानं फोन मोठ्या आवाजावर लावला.

"तुमची घोंगडी आहे इथं," तो म्हणाला.

"अरे देवा, ती होय!" डेल्बर्टचा आवाज होता, पण किती खचलेला! "टाकून द्या हो. नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. माझी बायको अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणतात, आता प्रवास नाही. ती तर जेवतही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते."

"अजून अकराव्या फळीवरच आहे," गेलन म्हणाला. "कोपरे दाबलेले. कुणी हलवली नाही."

गेलन ओरडूनच बोलतो; ते तिकडच्या खोलीभर गेलं असावं. मग काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि लांबून एक जड, तुटक आवाज आला. मला तो ओळखायला क्षण लागला.

"हात... लावू नका तिला. मी... येतेय."

"कधी?" गेलननं विचारलं.

"पुढच्या... जत्रेला."

"बरं," गेलन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, घडी करून कपाटात ठेवली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण लॉडर्स काउंटीत उचललेली घोंगडी ही नुसती घोंगडी असते. पसरलेली असली तरच जागा तुमची. गेलननं माझ्यावर ताडपत्री घातली आणि चार विटा ठेवल्या. मग हिवाळा आला. माझ्यावर कमरेएवढं बर्फ साचलं. एका उंदरानं माझ्यात संसार थाटला आणि भाडं द्यायचं सोडून एका टोकाला भोक पाडलं. थंडी फार झाली की गेलन बर्फ तुडवत वर यायचा, ताडपत्रीचं टोक उचलून बघायचा आणि म्हणायचा, "आहेस ना?" त्याच्या महिन्याच्या दहा वाक्यांतलं एक माझ्या वाट्याला यायचं.

मला मात्र धाकधूक होती. ती येईल का? तिचं अंग सावरेल का? वसंतात जत्रा समितीचे लोक फळ्यांना हिरवा रंग द्यायला आले तेव्हा तर माझा धीरच सुटला.

"ते बोचकं काढा," त्यांच्यातला एक म्हणाला.

"ती जागा धरलेली आहे," गेलन म्हणाला.

"एप्रिलमध्ये?"

"हो."

त्या माणसानं डोकं खाजवलं, मग ब्रश बुडवला आणि माझ्या कडेकडेनं रंग दिला.

ऑगस्ट आला. जत्रेच्या दिवशी सकाळी गेलननं विटा उचलल्या, ताडपत्री काढली. ऊन माझ्या अंगावर पडलं. मी विटलेली, कुरतडलेली, पण चारी कोपरे जागच्या जागी. आठ वाजले, दहा वाजले, तीन वाजले. फळ्या भरू लागल्या. सहाही वाजून गेले. आणि मग खाली फाटकाशी मला धरून चालायचा एक चाकांचा वॉकर दिसला, त्याच्यामागे आर्डिस, आणि तिच्यामागे दोन्ही हात पसरून डेल्बर्ट, जणू बसमधून पोर उतरवतोय.

"आजी, उचलून नेऊ का वर?" एका तरुणानं विचारलं.

"मला नको," आर्डिस म्हणाली. बोलणं संथ होतं, पण तिखटपणा तोच. "याला ने. दोन दिवस... पंचावन्ननं गाडी चालवलीय यानं. दमलाय."

"आणि डॉक्टरांचं ऐकून आमच्या पोरीनं गाडीच्या किल्ल्या लपवल्या होत्या त्या शोधून!" डेल्बर्ट म्हणाला. "पिठाच्या डब्यात. चाळीस वर्षं पोरांनी लपवलेली बेडकं शोधलीत मी, किल्ल्या काय चीज आहेत?"

अकरा फळ्या ती पाठमोरी चढली. फळीवर बसायची, ढकलून वरच्या फळीवर जायची, पुन्हा बसायची. प्रत्येक फळीवरची माणसं उठून वाट करून देत होती. शेवटची फळी आली आणि तिनं माझ्यावर हात टेकवला. एकटा उजवाच हात, पण पकड तीच. ती रडली. मीही रडले असते, पण लोकरीला तेवढी सोय नाही.

मग मला कळलं की तिच्या डोळ्यांनाही त्या झटक्यानं सोडलं नव्हतं. डाव्या बाजूचं तिला काहीच दिसत नव्हतं, मानही तिकडे वळत नव्हती. आणि चौथं वळण डावीकडेच! ती गाड्या फक्त समोरून सरकताना बघू शकणार होती. एवढ्या लांबून येऊन तिला ते आडवं होणं दिसणारच नव्हतं.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "तू बघ. आणि मला सांग."

"मी?" हातातल्या पायचा घास तसाच राहिला. "मला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे आहेत ना? तोंड आहे ना? मग सांग."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा डेल्बर्ट क्रूझे वळणाकडे तोंड करून बसला. हिरवं निशाण पडलं. फळी थरथरली.

"लाल आली," तो हजेरी घेतल्यासारखं सांगू लागला. "मागून निळी. मग चौदा नंबर... अगं, ती घसरतेय! अगं गेली, गेली! भिंतीला... नाही! आडवी आली! चाकं इकडे न् गाडी तिकडे, आणि... आणि सगळ्याच! सगळ्याच आडव्या..."



"डेल्बर्ट? बोल ना. काय झालं?"

डेल्बर्टचं तोंड उघडंच होतं. धुळीचा पडदा उठला होता, त्यातून ऊन येत होतं, आणि त्या सोन्यातून चोवीस गाड्या त्याच्या अंगावर चालून येत होत्या. रुबार्ब पायचा तुकडा हातातून सुटून माझ्यावर पडला, त्याला पत्ताही नाही. त्यानं दोन्ही हातांनी माझा काठ मुठीत घट्ट धरला.

"हे..." तो शेवटी म्हणाला, "हे दरवर्षी असंच असायचं?"

"दरवर्षी."

"मग सांगायचं नाहीस होय मला?"

आर्डिस इतकी हसली की पुढच्या तीन फळ्यांनी वळून बघितलं. "चाळीस वर्षं... तोंड दुखेपर्यंत सांगितलं रे बाबा."

त्या संध्याकाळी त्यानं शेवटच्या फेरीपर्यंत सांगितलं. घसा बसला तरी सांगितलं. आर्डिस डोळे मिटून ऐकत होती, आणि मला वाटतं, तिला सगळं दिसलं.

सगळे उठून गेल्यावर डेल्बर्टनं माझे कोपरे एकेक करून सोडवले आणि मला काखेत घेतलं. माझ्याखाली जुन्या करड्या लाकडाचा चौकोन होता, चारी बाजूंनी हिरवा. गेलन खाली उभा होता. डेल्बर्टनं त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

"तिथं रंग द्यायचा राहिलाय तुमचा," तो म्हणाला.

"राहू दे," गेलन म्हणाला.

गाडीत बसल्यावर डेल्बर्टनं किल्ली फिरवली नाही. समोर बघत त्यानं विचारलं, "उद्या जवळपास कुठं आहे का गं शर्यत?"

"आहे. एकशे ऐंशी मैलांवर."

"मग सकाळी लवकर निघू. जागा धरायला हवी."

तर मित्रांनो, अशी मी. जुन्या वस्तूंना जपा असं सगळेच सांगतात, मीही सांगते. पण त्याआधी एक करा. कुणी उठून गेलं आणि परत यायला वेळ लागला, तर त्याची जागा धरून ठेवा, भोवतीनं झाडावं लागलं तरी. आणि कधी मी तुमच्या हाती आले, तर मला गार पाण्यात, हलक्या हातानं धुवा. माती गेली तर जाऊ द्या. तो रुबार्बचा डाग मात्र चोळू नका.