दाताच्या डॉक्टरांनी नापास केलेली रास्पबेरी

मित्रांनो, मी रास्पबेरीचे एक जुने झुडूप आहे आणि मला बहुतेक गोष्टींची किळस येते. आधीच सांगून टाकलेले बरे. गोड गोड कहाणी ऐकायला आला असाल तर पलीकडे गुलाब आहे, त्याच्याकडे जा. तो सकाळपासून स्वतःबद्दलच बोलत असतो.

मी ज्या परसात राहते तिथे एक नळ आहे, धुणे वाळत घालायची दोरी आहे, पाण्याची एक टाकी आहे आणि टाकीमागे बारा महिने ओलसर असणारी बोळकांडी आहे. तिथे बिनशंखाच्या गोगलगाई राहतात. त्या माझ्या अंगावरून फिरून गेल्या की पानांवर शेंबूड पुसल्यासारख्या रेघा राहतात. पिकल्या फळात बारीक पांढऱ्या अळ्या होतात. हिरवे ढेकूण ज्या फळावर बसतात, त्यावर असा वास सोडून जातात की ते फळ तोंडात टाकणारा माणूस आधी शेजारच्याकडे संशयाने बघतो. हे सगळे मी मुकाट्याने सोसले. पण माणसांची किळस मला नव्हती. ती दाताच्या डॉक्टरांनी आणली.

मला लावले ताईने. ताई घरीच शिवणकाम करते. एका गिऱ्हाइकाने तिला ओल्या फडक्यात गुंडाळून मुळासकट एक काठी दिली होती, ती मी. ताईने मला टाकीशेजारी खोचले, वर तांब्याभर पाणी घातले आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. पुढे वाळलेली काठी दिसली की ती मोडून टाकायची आणि हिरवी दिसली की चिंधीने कुंपणाला बांधायची. तिची मशागत एवढीच. मला तेवढी पुरत होती.

माझी फळे दिसायला काही खास नाहीत. लहान असतात, बोट लागले की बसकण मारतात आणि स्वयंपाकघरापर्यंत न्यायची म्हटले तर वाडग्यात लाल पाणी होऊन पोचतात. म्हणून ताई ती उभ्या उभ्याच खायची आणि डोळे मिटायची. मग हात घासघासून धुवायची, कारण एकदा कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर माझा डाग पडला होता आणि तो सदरा शेवटी तिला बदलून द्यावा लागला. तरी तिने मला कधी दोष दिला नाही. "दुसऱ्या कशाला अशी चव आहे का?" असे ती दोरीवरच्या कपड्यांना विचारायची. कपडे बिचारे काय बोलणार?

मग ताईचा धाकटा भाऊ आपला दवाखाना बंद करून तिच्याकडे राहायला आला. हेच ते दाताचे डॉक्टर. दवाखाना मिटण्याआधी त्यांनी शेवटचे काम केले ते ताईच्या वरच्या कवळीचे. ती कवळी म्हणजे त्यांचा मोठा अभिमान. घरी कुणी आले की ते म्हणायचे, "ताई, हस बघू." आणि ताई हसायची.

मात्र टाकीमागे आली की ताई इकडेतिकडे बघून कवळी काढायची, टाकीच्या झाकणावर ठेवायची आणि माझी फळे नुसत्या जिभेने टाळूवर दाबून खायची. माझ्या नाकासमोर ते ओले, गुलाबी, दातेरी ध्यान पडलेले असायचे. कवळीत बिया अडकत असतील म्हणून ती काढत असेल, असे समजून मी तोंड फिरवायचे.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेला माणूस रिकामा बसला की काय करतो? त्याला तुलना सुचते. डॉक्टर रोपवाटिकेतून रास्पबेरीच्या चार नव्या जाती घेऊन आले. घरच्या परसात कोणती जात सर्वांत चांगली, हे ते ठरवणार होते. त्यांनी चार वाफे केले आणि त्यांना जबड्यासारखी नावे दिली: वरचा उजवा, वरचा डावा, खालचा उजवा, खालचा डावा. मी टाकीशेजारी एका कडेला, वाकडे उभे. माझे नाव पडले अक्कलदाढ.

त्या चौघींबद्दल मी निःपक्षपातीपणे सांगते. वरची उजवी लालभडक आणि अंगठ्याएवढी, पण आत नुसती पोकळी. चव म्हणाल तर नळाला तोंड लावल्यासारखी. वरची डावी पिवळी. सर्दी झालेल्या माणसाचा रुमाल उन्हात उघडून बघितला तर जो रंग दिसतो, तो. खालची उजवी जर्दाळूच्या रंगाची, असे डॉक्टर म्हणत. मला ती कानातून काढल्यासारखी वाटे. खालची डावी काळपट लाल आणि इतकी आंबट की पाखरे एकदा चोच मारून पुन्हा त्या बाजूला फिरकली नाहीत. डॉक्टर मात्र चौघींवर खूश होते. "टणक आहेत! दोन दिवस ठेवल्या तरी आकार सोडत नाहीत," ते म्हणायचे. आकार तर दगडही सोडत नाही.

आणि ती चव घेण्याची पद्धत! शेजारचा न्हावी परीक्षक म्हणून यायचा. दोघे एकेक फळ तोंडात टाकायचे, या गालातून त्या गालात फिरवायचे, डोळे वर करून "हं" म्हणायचे. मग डॉक्टर पेला पुढे करायचे आणि सवयीने म्हणायचे, "चूळ भरा. थुंका." थुंकायचे कुठे? टाकीच्या बाजूला, माझ्या बुंध्यात. लाल, पिवळी, बियांनी भरलेली, कोमट थुंकी! चार जातींनंतर चार चुळा. देवा, मला पाय असते तर मी हे घर सोडले असते.

आता नीट ऐका, कारण माझे जगणे-मरणे या एका गोष्टीवर आहे. माझी काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते. हिवाळाभर ती उभी राहते, पुढच्या उन्हाळ्यात फळते आणि मग वाळते. त्या चौघींचे तसे नाही. त्यांची काठी ज्या वर्षी उगवते त्याच वर्षी, पानगळीच्या तोंडावर फळून मोकळी होते. म्हणून हिवाळ्यात त्यांना बुडापासून कापले तरी काही बिघडत नाही. रोपवाटिकेवाल्याने डॉक्टरांना तसे सांगितले होते, पण त्या चौघींबद्दल. माझ्याबद्दल त्याला कुणी विचारलेच नव्हते.

पहिल्या हिवाळ्यात डॉक्टर कात्री घेऊन आले. चौघी कापून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"तुलना करायची तर नियम सगळ्यांना एकच हवा," ते न्हाव्याला म्हणाले. "ही जुनी म्हणून हिला सवलत, असं नाही चालणार."

"कापाच, डॉक्टरसाहेब," न्हावी म्हणाला. "बुडापासून कापलं की जोमात येतं. केसांचंच बघा ना."

त्याच्या स्वतःच्या डोक्यावर एक केस नव्हता. पण ते कोण बघतो? कच, कच, कच. येत्या उन्हाळ्याची सगळी फळे माझ्यासमोर जमिनीवर पडली.

त्या उन्हाळ्यात मला एकही फळ आले नाही. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला शून्य गुण दिले. ताई वाडगा घेऊन आली, पाने वर-खाली करून बघितली आणि तशीच परत गेली. पुढे पानगळीच्या तोंडावर डॉक्टरांनी तिच्यासमोर पिवळ्या फळांची बशी ठेवली. तिने एक खाल्ले, दुखऱ्या माणसासारखे सावकाश चावले आणि "छान आहे" म्हणाली. मला त्या "छान"ची फार चीड आली. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा तोच नियम आणि तीच कात्री.

पण मधल्या काळात माझी एक काठी मुळावरून सरकत टाकीमागच्या बोळकांडीत निघाली होती. डॉक्टर तिथे कापायला वाकले नाहीत. गोगलगाईंची त्यांनाही किळस वाटते. आमच्यात तेवढे एकच साम्य आहे. ती काठी वाचली आणि पुढच्या उन्हाळ्यात फळांनी लगडली.

"ताई! लवकर ये! नवी जात!" डॉक्टर ओरडले. न्हावीही धावत आला. डॉक्टरांनी फळ तोंडात टाकले आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच परीक्षकासारखा न राहता खाणाऱ्यासारखा झाला. "इथे आपण चुळा टाकतो ना, त्यातलं बी रुजलं! आपल्या जातींचा संकर झालाय! पहिला नंबर, बिनविरोध!"

ऐकलेत? माझी पोटची काठी, आणि तिचे आईबाप म्हणे त्या दोघांची थुंकी! असा अपमान गोगलगाईंनीही कधी केला नव्हता.

ताईने एक फळ घेतले, टाकीमागे गेली, कवळी काढून खाल्ले आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"अरे बाळ्या, ही तीच आहे. आपली जुनी."

"ताई, ती वांझ आहे. दोन वर्षं बघतोय मी. अक्कलदाढ काढलेलीच बरी असते."

उन्हाळा सरताच त्यांनी मला खणून काढले. माझा निम्माअर्धा जीव, ताईने चिंध्या बांधून वाढवलेला, उकिरड्यावर सडलेल्या सालींमध्ये गेला. टाकीमागची काठी आणि तिच्याभोवती उगवलेली नवी पोरे मात्र लहान बाळासारखी उचलून त्यांनी माझ्याच जुन्या जागी लावली, कौतुकाने खत घातले आणि वर पहिल्या नंबराची पाटी लावली. पहिला नंबर मीच आणि नापासही मीच. शहाण्या माणसांचा निकाल हा असा.

मग तिसरा हिवाळा आला. डॉक्टर कात्रीला तेल देऊन आले. चौघी कापल्या आणि माझ्यापाशी बसले. तेवढ्यात ताई गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून बाहेर आली.

"हिला कापू नकोस."

"ताई, पहिली आली तरी नियम तो नियम."

"ही माझी आहे रे. मी चव ओळखते."

डॉक्टर हसले. "चव कशी ओळखशील? वरच्या कवळीने टाळू झाकलेला असतो. अर्धी चव तर कळतच नाही."

"मी कवळी काढून खाते."

डॉक्टरांची कात्री माझ्या काठीला टेकलेली होती. ती तिथेच थांबली.

"काढून? का?"

"टोचते."

"कधीपासून?"

ताईने टेपचे टोक बोटाला गुंडाळले. "तू बसवलीस त्या दिवसापासून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? बसवलीस, आरसा दाखवलास आणि म्हणालास, छान बसली. तुझं शेवटचं काम होतं रे. मीही म्हटलं, छान."

एका माणसाचा आयुष्यभराचा अभिमान असा उघड्यावर फुटताना बघणे बरे वाटत नाही, मला त्यांच्याविषयी कितीही राग असला तरी. मग त्यांनी कात्री खाली ठेवली, नळावर हात धुतले आणि ताईसमोर येऊन उभे राहिले.

"कुठे टोचते?"

ताईने कवळी काढून त्यांच्या हातात दिली आणि तोंड उघडले. डॉक्टरांनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. टाळूच्या कडेला मांस लाल होऊन सुजले होते, मध्ये पांढरी जखम होती. लाळ त्यांच्या बोटांवरून ओघळत होती. मी हे सगळे हातभर अंतरावरून पाहिले आणि तोंड फिरवले नाही.

"फार दुखत असेल गं," डॉक्टर म्हणाले.

दोघे घरात गेले. खिडकीतून कितीतरी वेळ कानस घासल्याचा आवाज येत राहिला, आणि मधूनमधून त्यांचा प्रश्न, "आता? आणि इथे?" त्या हिवाळ्यात मला कुणी कापले नाही.

या उन्हाळ्यात मी गेल्या वर्षीच्या काठ्यांवर फळले. डॉक्टर आले, फळ कोणत्या काठीला लागले आहे ते खाली वाकून बघितले, नव्या हिरव्या काठ्यांवर काहीच नाही हेही बघितले आणि तिथेच मातीत बसले. "म्हणजे दोन्ही वर्षं मीच..." एवढेच म्हणाले. मग त्यांनी माझ्यावरची नंबराची पाटी काढली. ताईने वाडगा त्यांच्या हातात दिला. ती कवळी लावूनच खात होती.

मित्रांनो, माझे कौतुक करू नका, माझ्यावर गोगलगाई फिरतात. मला गुणही देऊ नका. पण कुणाला कापायला, बसवायला किंवा नापास करायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. माझे उत्तर यायला एक वर्ष लागते. ताईला त्याहून जास्त लागले.